आख्यायिकेचे ऋण

प्रतिवर्षी आषाढ वद्य त्रयोदशी जवळ आली की संपादक मंडळाचा निरोप येतो, स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर चार शब्द लिहून द्यावेत. आजवर आम्ही श्रीनामदेवरायांचा जन्मशक, जन्मस्थान, गाथेतील अभंगांची पाठशुद्धी अशा विषयांवर यथामती लिहीत आलो. या खेपेस निराळ्या विषयास हात घालण्याचे मनात आहे. नामदेवरायांच्या चरित्रात काय घडले, हा तो विषय नव्हे. जे घडले म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, त्या कथांनी आपणांस कसे घडविले, हा आहे. ज्ञातिबांधवांपैकी काहींना यातील एक-दोन गोष्टी रुचणार नाहीत. वडीलधाऱ्या मंडळींची प्रारंभीच क्षमा मागून ठेवतो.

कधी जन्मासच न आलेला, अथवा जन्मास आला असला तरी लोक सांगतात तसा न वागलेला पुरुष हाडामांसाच्या माणसांच्या आचारास वळण लावतो, ही गोष्ट नवी नव्हे. राजा हरिश्चंद्राचा ताम्रपट कोणी पाहिलेला नाही. परंतु बाळपणी पाहिलेल्या त्याच्या नाटकाने आपले मन किती व्यापून टाकले होते, हे महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. पाश्चात्त्य देशांतील एक उदाहरण आपल्या धंद्यातील मंडळींना विशेष मौजेचे वाटेल. १७७४ साली गटे या जर्मन कवीने वेर्थर नावाच्या निराश प्रेमिकावर कादंबरी लिहिली. त्या कागदी नायकाचा निळा कोट आणि पिवळे जाकीट यांचे तरुणांना इतके वेड लागले की, तसे कपडे घालून ते रस्त्याने हिंडू लागले. लाइप्झिग नगराने १७७५ साली पुस्तकावर बंदी घातली आणि तिच्याबरोबर त्या पोषाखावरही घातली. तिकडील शिंप्यांना एका न जन्मलेल्या माणसाने केवढे काम मिळवून दिले असेल! असो. आपल्या घराकडे वळू.

प्रथम आपले नावच घ्या. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ रचला. त्यात दामाशेटींना भीमेच्या प्रवाहात शिंपल्यामध्ये बालक सापडले आणि तेच नामदेव, अशी कथा येते. शिंपल्यात सापडले म्हणून शिंपी, अशी व्युत्पत्ती आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या मांडीवर ऐकली असेल. भाषाशास्त्रापुढे ती टिकणारी नाही. शेजारच्या कन्नड भाषेत कपडे शिवणाऱ्यास सिंपिग म्हणतात. आपला शब्द त्याचाच नातेवाईक असावा. नामदेवरायांच्या पूर्वीही लोक अंगरखे घालीत होते आणि ते कोणीतरी शिवीतच होते. परंतु शिंपल्याच्या कथेने जे साधले ते कोशकाराला साधले नसते. कातर, सुई आणि गज हीच ज्यांची ओळख होती, त्या कारागिरांना तिने एक पूर्वज दिला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत आपल्या शाखेची नोंद ‘नामदेव शिंपी’ अशी झाली, तीही साहेबाने दिलेली पदवी नव्हे. आपल्या वाडवडिलांनी विचारणाऱ्याला सांगितलेले ते उत्तर आहे.

हे केवळ महाराष्ट्रातच झाले असेही नाही. राजस्थान, पंजाब, मध्य प्रदेश या भागांत कापड छापणारे छिपे आणि शिवणारे छिंबे नामदेवांस आपला मानतात. पुष्कळांनी ‘नामदेव’ हेच आडनाव घेतले आहे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे मोठे स्थान आहे आणि एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली तेथेच भरले होते. परभणीचा शिंपी आणि घुमानचा छिंबा यांस एकमेकांची भाषा कळत नाही, सोयरीक तर दूरच. तरी दोघे एकाच नावापुढे मस्तक नमवितात.

आता औंढ्याकडे येऊ. नरसी आणि औंढा ही दोन्ही स्थाने १ मे १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. हिंगोली जिल्हा निराळा झाला तेव्हा ती तिकडे गेली. सरकारी नकाशा बदलला, पण जुन्या मंडळींच्या बोलण्यातून ती अद्याप परभणीबाहेर गेलेली नाहीत. औंढ्यास नागनाथापुढे नामदेवराय कीर्तनास उभे राहिले, पुजाऱ्यांनी हीन जातीचा म्हणून त्यांना मागे हाकलले, ते देवळाच्या पाठीमागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा कोणास ठाऊक नाही? आजही तेथे नंदी देवळाच्या मागील अंगास आहे आणि बाप मुलाला बोटाने तो दाखवितो. स्थापत्याचा अभ्यासक याचे निराळे कारण देईल, आणि ते बरोबरही असेल. परंतु ही कथा मागाहून कोणा भाविकाने रचलेली आहे, असे सहज म्हणून भागत नाही. गुरुग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदांतही जातीवरून उठविले जाणे आणि देऊळ फिरणे या दोन्ही गोष्टी येतात. औंढ्याचे नाव तेथे नाही. अपमान मात्र आहे.

या कथेतून आपण काय शिकलो? आमच्या मते, धीर. राजदरबारी आणि सावकाराच्या ओट्यावर ज्यास खाली बसावे लागे, त्या माणसाला ही कथा सांगत असे की, तू बसशील तिकडे देव तोंड करील. निजामी अमदानीत या जिल्ह्यातील गरीब कारागिराला असा आधार देणारी दुसरी संस्था कोणती होती? शाळा थोड्या, न्यायालय लांब, दोहोंची भाषा उर्दू. तो धीर खरा होता. म्हणून ती कथाही आम्ही खोटी म्हणणार नाही.

औंढ्याचीच दुसरी कथा मात्र आपल्या घरांत कोणी सांगत नाही. नामदेव पूर्ववयात वाटमारी करीत, त्यांच्या टोळीने ८४ घोडेस्वार मारले आणि त्यांतील एकाची विधवा लेकरासह रडताना देवळात पाहून त्यांस पश्चात्ताप झाला, अशी ती आहे. मॅकॉलिफ यांच्या शीख धर्मावरील इंग्रजी ग्रंथात (१९०९) ती छापली गेली आणि तेव्हापासून आपल्या लोकांच्या मनात सलत राहिली. नामदेव एकच नव्हेत, सोळाव्या शतकात विष्णुदास नामा झाला, त्याचे व इतरांचे अभंग एकमेकांत मिसळले, हे खरे आहे. या कथेचा उगम त्या मिसळीत असण्याचा संभव पुष्कळ आहे. इतिहास म्हणून आम्हीही ती स्वीकारीत नाही. तथापि वाल्या कोळ्याची कथा आपण मुलांना आनंदाने सांगतो आणि ही ऐकताच कानांवर हात ठेवतो, यात इतिहासाची चाड किती आणि मानपानाची किती, हे ज्याने त्याने पाहावे.

मानपानावरून आठवले. नरसी की पंढरपूर, हा जन्मस्थानाचा वाद आपण विद्वानांवर सोपवून स्वस्थ आहो, ते बरेच आहे. आपल्याच जिल्ह्यातील पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान मानून तेथील विकासासाठी शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा झाली, तेव्हा १९ जानेवारी २०२० रोजी शिर्डी कडकडीत बंद राहिली होती. ज्या फकिराने आपले गाव, कूळ कोणास नीट सांगितले नाही, त्याच्या गावावरून दोन गावे समोरासमोर उभी राहिली. आख्यायिकेच्या अंगी असलेले बळ पाहण्यास यापेक्षा लांब जावयास नको.

पंढरपुरी नामदेव पायरी आहे. शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवरायांनी महाद्वारी परिवारासह समाधी घेतली आणि दर्शनास येणाऱ्या संतांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी म्हणून पायरीची जागा मागून घेतली, अशी परंपरा आहे. व्यवहारात काय होते? जो तो त्या पायरीला डोके टेकतो आणि पाय न लागेल अशा बेताने पुढे जातो. गर्दीच्या रेट्यातसुद्धा म्हातारी माणसे पाय आखडून घेतात. शासनाचा कोणताही नियम लोक इतक्या काटेकोरपणे पाळीत नसतील. त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले व त्याखाली चोखामेळा गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचून नामदेवरायांनी पंढरीस आणल्या, ही कथाही आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. परंतु चोखोबांच्या लोकांना त्या पायरीच्या पलीकडे जाण्यास मे १९४७ उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. सहा शतके आपण पायरीचा मान राखला. पायरीवर अडविलेल्या माणसाकडे आपले लक्ष गेले नाही. देऊळ फिरल्याची कथा ज्यांनी आपली म्हणून सांगितली, त्यांना तरी हे सुचावयास हवे होते.

येथून आम्ही जनाबाईकडे येतो; आणि खरे पाहता हा लेख तिच्यासाठीच लिहावयास घेतला आहे.

जनाबाई गोदातीरीच्या गंगाखेडची. दमा व करुंड हे तिचे मातापिता. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि जन्मभर त्या घरी राबली. अभंगाच्या शेवटी ती स्वतःस नामदेवाची दासी म्हणविते. तिचे सुमारे साडेतीनशे अभंग आज उपलब्ध आहेत आणि ते नामदेवांच्या गाथेबरोबर टिकून राहिले. सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने १९७० साली गाथा प्रसिद्ध केली, तीतही ते आहेत. तिच्याविषयीच्या कथा पाहा. देव तिच्याबरोबर दळतो, पाणी वाहतो, धुणे धुतो, गोवऱ्या वेचतो, तिचे केस विंचरतो. पंढरपूरजवळ गोपाळपुरास तिचे जाते दाखवितात आणि वारकरी स्त्रिया त्याला हात लावून येतात. कबीर तिच्या दर्शनास आला तेव्हा ती गोवऱ्यांवरून शेजारणीशी भांडत होती, ज्या गोवरीला कान लावला असता विठ्ठल ऐकू येईल ती माझी, असे तिने सांगितले, ही तर सर्वांच्या आवडीची कथा. कबीर पंधराव्या शतकातला, जनाबाई चौदाव्या शतकात समाधिस्थ झाली. भेट होणे शक्य नव्हते. तारखांचा मेळ बसत नाही. भांडण मात्र कोणत्याही गावच्या पाणवठ्यावरचे वाटते.

या कथांनी केलेले काम फार मोठे आहे. पिठाच्या गिरण्या गावोगाव येईपर्यंत आपल्या आया व आज्या पहाटे चारला उठून जात्यावर बसत. जाते ओढणे हे छाती फोडणारे काम. त्या अंधारात ओवीच्या रूपाने जनी त्यांच्यासमोर येऊन बसे आणि तिच्यामागून विठ्ठल येई. कधी भाऊ, कधी बाप, कधी नुसता सांगाती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे काव्य दळणाच्या श्रमातून निघाले, आणि त्यात जनीचे ऋण किती, याचा हिशेब कोणास मांडता येईल? ज्या बाईचे ऐकून घेण्यास घरात कोणी नव्हते, तिला जनीच्या कथेने एक ऐकणारा दिला.

पण नाण्याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. देव जनीबरोबर दळू लागला, या कथेचे कौतुक करणाऱ्या आमच्या घरांतील पुरुषाने जात्याच्या खुंट्याला कधी हात लावला, असे आमच्या पाहण्यात नाही. देव येतो म्हटल्यावर माणसाने उठण्याचे कारण उरले नाही, असेच जणू आम्ही ठरविले. कथा ऐकणाऱ्या बाईला बळ देत होती आणि ऐकणाऱ्या पुरुषाला सवलत.

आणि पदकाची कथा. एके रात्री देव जनीच्या झोपडीत निजला, काकडआरतीच्या वेळी घाईने उठला, आपला शेला तेथेच टाकून तिची वाकळ पांघरून देवळात गेला आणि गळ्यातील रत्नपदक मागे विसरला. पदक जनीकडे सापडले. तिने परोपरीने सांगितले, कोणी ऐकले नाही. चोरीचा आळ घेऊन तिला सुळावर देण्यास नेले आणि सुळाचे पाणी झाले. आषाढ वद्य त्रयोदशीच्या कीर्तनांत ही कथा आली की सर्व मंडप स्फुंदू लागतो.

येथे आमच्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या आजोबांचे घर गंगाखेड तालुक्यात. घरी एक विधवा बाई दळणकांडणास येत असे. एका भाद्रपदात महालक्ष्म्या उठल्यावर दागिने उतरविताना एका मुखवट्याची नथ सापडेना. घर धुंडाळले, निर्माल्य धुंडाळले. मग जे सर्वत्र होते तेच झाले. बाईला बोलावून विचारले, पुन्हा विचारले, तिच्या लुगड्याचा पदर झाडून पाहिला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने येऊ नये, असे सांगण्यात आले. पुढल्या आषाढात आमच्याच ओसरीवर कीर्तन झाले, बुवांनी पदकाचे आख्यान लावले आणि घरची सारी माणसे, ज्यांनी पदर झाडला तीसुद्धा, डोळ्यांना पदर लावून बसली. तिघांनाही, म्हणजे आजोबा, आजी आणि थोरल्या काकू यांना, त्या रात्री गेल्या वर्षीची आठवण झाली नाही. हे त्यांनीच पुढे आम्हांस सांगितले. त्यानंतर दोन महिन्यांनी महालक्ष्म्यांसाठी मुखवट्यांचे गाठोडे सोडले, तेव्हा नथ फडक्याच्या घडीत अडकलेली होती.

आजोबा त्याच दिवशी त्या बाईच्या वाडीस गेले. मुलाला घेऊन ती परभणीकडे जिनिंगच्या कामास गेली, एवढेच तेथे कळले. परभणीस दोनदा चौकशी केली, पत्ता लागला नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक शिस्त आहे. वस्तू हरवली तर कामाच्या माणसास विचारावयाचे नाही. वर्षभर आपणच शोधावयाचे. आणि आजोबा पुढे जिवंत होते तोवर पदकाचे आख्यान सुरू झाले की उठून बाहेर जात. कथेने त्यांचे वर्तन बदलले खरे, पण ते नथ सापडल्यानंतर. ओसरीवर ऐकलेल्या कीर्तनाने ते झाले नव्हते. आख्यायिकेची शक्ती आम्ही वर एवढी वर्णिली, तिला ही मर्यादा आहे. आपण नेहमी स्वतःस जनीच्या जागी ठेवून ऐकतो. पदक मोजून घेणाऱ्या बडव्यांच्या जागी ठेवून कोणी ऐकत नाही.

आता ज्या कामासाठी हे लिहिले ते सांगतो. तयार कपड्यांचा सुकाळ झाल्यापासून आपला धंदा पूर्वीसारखा राहिला नाही, हे खरे. तरी परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर, पूर्णा येथे आपल्या बांधवांची दुकाने आहेत आणि लग्नसराईत व सणासुदीला काज, बटण, तुरपाई ही कामे घरोघरच्या बायांना नगावर दिली जातात. त्यांत आपल्या जातीच्या थोड्या, इतर जातींच्या पुष्कळ. कापड कमी भरले, डाग पडला, एखादा ब्लाउज हरवला तर पैसे कोणाच्या मजुरीतून कापले जातात आणि त्यापूर्वी चौकशी किती होते, हे दुकानदार बंधूंना आम्ही सांगावयास नको.

पुण्यतिथीच्या दिवशीच जनाबाईचीही पुण्यतिथी असते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव नामदेवरायांच्या खाली, लहान टाइपात असते, तो प्रश्न संपादक मंडळाकडे स्वतंत्रपणे दिला आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीप्रमाणेच, आपल्या दुकानांसाठी घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांचीही यादी छापावी, असे आम्ही सुचविले असून मंडळाने ते मान्य केले आहे. तरी सर्व दुकानदार बंधूंनी अशा स्त्रियांची नावे त्यांची संमती घेऊन पौष अखेरपर्यंत कार्यालयाकडे पाठवावीत. नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव व गाव असे पूर्ण लिहावे. ‘अमक्यांच्या दुकानची बाई’ असे लिहून आलेली नोंद परत पाठविण्यात येईल.